द्राक्षांच्या वासाची प्लेट

प्लेटला नाक लावायचं नाही, हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिल्या दिवशीचा नियम. पण या जिवाणूचा वास घ्यावा लागत नाही, तो येतो. इन्क्युबेटरचं दार उघडलं की पिकून पार गोड झालेल्या द्राक्षांचा दरवळ अंगावर येतो. पहिल्यांदा मी इकडेतिकडे बघितलं, कुणी डबा उघडलाय का म्हणून. मॅडम हसल्या. "स्यूडोमोनास," त्या म्हणाल्या. "कृमींनाही आधी असाच आवडतो."

स्यूडोमोनास एरुजिनोसा. भाजलेल्या जखमांत, सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या फुप्फुसांत ठाण मांडणारा, औषधांना सहसा न जुमानणारा जिवाणू. त्याचा पीए-१४ हा वाण वाढला की अगारला, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या थराला, निळसर-हिरवी झाक येते. सी. एलिगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा सूत्रकृमी तो आवडीने खातो आणि काही दिवसांत मरतो. पण मरायच्या कितीतरी आधी, चारेक तासांतच, त्याला एक गोष्ट कळलेली असते: हा वास वाईट. मला या कळण्यावर काम करायचं होतं.

विषय नवा नव्हता. युन झांग, हांग लू आणि कॉर्नेलिया बार्गमन यांनी २००५ साली 'नेचर'मध्ये हे दाखवलेलं होतं, आणि आजारापासून आठवणीपर्यंतच्या साखळीत मधला दुवा म्हणून सेरोटोनिन पुढे आलं होतं. मला आधी तो प्रयोग आमच्या टेबलावर जमवायचा होता, मग त्यापुढचं. "महिन्याभरात जमेल," असं मी मॅडमना सांगून बसले. त्या काही बोलल्या नाहीत.

सेरोटोनिनबद्दल मला तेव्हा पुरवण्यांतल्या लेखांइतकंच ठाऊक होतं. आनंदाचं रसायन, कमी झालं की उदास वाटतं, ऊन खा, व्यायाम करा, वाढेल. एखादा चिमुकला जीव विषबाधेतून शहाणा होतो त्यात आनंदाच्या रसायनाचं काय काम, हे मला काही केल्या जुळवता येईना.

पहिले सहा आठवडे तर कृमी उचलायला शिकण्यातच गेले. काचेच्या नळीत बसवलेली केसाइतकी बारीक प्लॅटिनमची तार, तिचं टोक चपटं ठोकलेलं. तार बर्नरवर लाल करायची, थंड होऊ द्यायची, टोकाला थोडा जिवाणूंचा चिकट लगदा घ्यायचा आणि कृमीच्या पाठीला अलगद टेकवायचा. तो चिकटला की उचलायचा. तार थंड व्हायच्या आधी टेकवली तर कृमी जागच्या जागी भाजतो. जोरात टेकवली तर अगार फाटतो आणि बाकीचे कृमी त्या भेगेतून खाली घुसून बसतात. मी दोन्ही भरपूर केलं. सूक्ष्मदर्शकातून बघताना हात आपला आहे यावर विश्वासच बसत नाही, तो क्रेनसारखा कुठून तरी वरून येतो.

एवढा खटाटोप या कृमीसाठीच का, तर त्याच्या अंगात चेतापेशी मोजून ३०२. कुठली कुणाला जोडलेली आहे याचा नकाशा १९८६ पासून छापून तयार आहे. त्यातल्या सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी मोजक्याच. एक जोडी घशात, खाण्याशी निगडित. एक जोडी अंडी घालण्याच्या स्नायूंपाशी. आणि एक जोडी डोक्यात, जिची टोकं थेट नाकाशी बाहेर उघडतात. तिचं नाव एडीएफ. माणसाच्या मेंदूत असा हिशेब मांडायचं कुणी स्वप्नातही आणणार नाही.

प्रयोग कागदावर सोपा. एकाच वयाचे कृमी हवेत म्हणून आधी अंडी वेगळी काढायची: अंडी भरलेल्या कृमींना ब्लीच आणि कॉस्टिक सोड्यात टाकलं की ते विरघळतात, कवचामुळे अंडी तेवढी उरतात. तीन दिवसांनी ती पिल्लं मोठी झाली की अर्धी ई. कोलाय या नेहमीच्या निरुपद्रवी जिवाणूवर ठेवायची, अर्धी पीए-१४ वर. चार तासांनी सगळ्यांना धुऊन घ्यायचं आणि कोऱ्या प्लेटच्या मध्यावर सोडायचं. प्लेटच्या एका कडेला ई. कोलायचा थेंब, दुसऱ्या कडेला पीए-१४ चा. तासाभराने कुठे किती पोहोचले ते मोजायचं. दोन्हीकडच्या आकड्यांतला फरक भागिले पोहोचलेले एकूण, झाला तुमचा निर्देशांक. तो उणे एक ते अधिक एकच्या मध्ये कुठेतरी पडतो.

न शिकलेले कृमी सहसा पीए-१४ कडे झुकतात. मूळ निबंधात तसंच होतं, माझ्याकडेही तसंच आलं, आणि मला वाटलं, जिंकलं. मग शिकवलेले सोडले. तेही मजेत पीए-१४ कडे गेले.

पुढचा महिना हेच. मी तापमान बदललं, अगार बदललं, एकदा तर सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावरही संशय घेतला. शेवटी कारण निघालं ते इतकं साधं की लिहायलाही लाज वाटते. मी जिवाणू सकाळी प्लेटवर पसरवत होते आणि दुपारी त्यावर कृमी सोडत होते. जिवाणूंना वाढून अंगातलं विष दाखवायला वेळच मिळत नव्हता. कृमींना नवा वास मिळत होता, आजार मिळत नव्हता. नुसत्या वासाने कुणी शहाणं होत नाही. त्या २००५ च्या निबंधात हेच लिहिलेलं होतं, ज्या जिवाणूंची रोग करण्याची ताकद कमी झालेली आहे त्यांच्यापासून कृमी हा धडा घेत नाहीत म्हणून. मी ते वाक्य पिवळ्या शाईने रंगवूनही ठेवलं होतं.

रात्रभर वाढलेल्या, द्राक्षांच्या वासाने घमघमणाऱ्या प्लेटा वापरल्या त्या दिवशी मी मोजायला थांबले नाही, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बघतच बसले. एक कृमी मध्यावरून नागमोडी वळणं घेत पीए-१४ च्या थेंबाकडे निघाला. निम्म्या वाटेवर डोकं डावी-उजवीकडे हलवू लागला. थांबला. दोन-तीन लाटा मागे सरकला. मग सगळं अंग असं मुडपलं की डोकं शेपटीला लागायला आलं, ग्रीक अक्षर ओमेगासारखं, आणि तो उलट्या दिशेला सुटला. या वळणाला आमच्यात ओमेगा टर्नच म्हणतात. कृमीला वासाची दिशा चुकल्यासारखी वाटली की तो अशी वळणं जास्त घेतो. दहा मिनिटांपूर्वी धुतलेल्या त्या जीवाच्या अंगात आता असं काहीतरी होतं जे सकाळी नव्हतं. नाक तेच, थेंब तोच. मला त्या दिवशी जेवायला जायचं सुचलं नाही.

मग आले म्युटंट. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनवायची पहिली पायरी ज्या एन्झाइमवर चालते त्याचं टीपीएच-१ हे जनुक या कृमींत मोडलेलं. म्हणजे सेरोटोनिन नाही. त्यांना तेच चार तास, तीच प्लेट, तोच थेंब दिला. ते सरळ पीए-१४ कडे गेले. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सेरोटोनिन नाही = शिकणं नाही', आणि खाली दोन रेघा मारल्या.

मॅडमनी वही बघितली. वाक्य खोडलं नाही, समोर फक्त पेन्सिलीने तीन प्रश्न लिहिले. वास येतो का? चालतात का? खातात का?

पहिल्या दोहोंची उत्तरं लवकर मिळाली. न शिकवलेले म्युटंटही पीए-१४ कडेच झुकत होते, म्हणजे वास येत होता आणि पोहोचण्याइतकं चालताही येत होतं. तिसऱ्या प्रश्नाने मात्र जीव काढला. सेरोटोनिन नसलेले हे कृमी खातातच हळू. घशाचा स्नायू पंपासारखा उघडझाप करून जिवाणू आत ओढतो. धडधाकट कृमीत अन्नावर असताना मिनिटाला दोनशेच्या वर वेळा. डोळ्यांनी ते मोजणं अशक्य. व्हिडिओ काढायचा, वेग चौथ्या हिश्शावर आणायचा आणि हातातल्या काउंटरचं बटण दाबत राहायचं. रात्री डोळे मिटले तरी तो घसा पापण्यांच्या आत उघडझाप करायचा. म्युटंटचा पंप खरंच मंद होता. मग म्हणणारा म्हणेल की ते शिकले नाहीत कारण आजारीच पडले नाहीत! सेरोटोनिनचा आठवणीशी संबंधच काय?

यावर उपाय एका पोस्टडॉकने सुचवला. हिरव्या प्रकाशाने चमकणारं प्रथिन घातलेले पीए-१४ द्यायचे आणि चार तासांनी आतड्यात काय दिसतं ते बघायचं. अंधाऱ्या खोलीत निळ्या प्रकाशाखाली म्युटंटच्या आतड्यातली हिरवी रेघ मी पहिल्यांदा बघितली तेव्हा खरं तर हायसं वाटलं. एखाद्याच्या पोटात रोगजंतू सापडल्यावर हायसं वाटावं, असा हा धंदा. जिवाणू दोघांच्याही पोटात पोहोचले होते. एक आजारातून काहीतरी शिकत होता, दुसरा नाही.

मध्ये आणखी एक फजिती झाली. माझे आकडे फारच छान येत होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने एकदा न विचारता माझ्या प्लेटांवरची नावं चिकटपट्टीने झाकली, वर नुसते आकडे टाकले आणि म्हणाला, "आता मोज." फरक उरला, पण आधीच्यापेक्षा लहान. कडेवर रेंगाळणारा कृमी आत धरायचा की बाहेर, हे मी प्लेटवरचं नाव बघून ठरवत होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. जुने सगळे आकडे बाद केले. त्या आठवड्यात मी त्याच्याशी धड बोललेसुद्धा नाही. नंतर मोजणी नेहमी तशीच केली.

एडीएफचं रहस्य मला सगळ्यात जास्त आवडलं. रोगट जिवाणूंवर वाढलेल्या कृमींत नेमक्या याच दोन पेशींत सेरोटोनिन वाढतं. तिथून सुटलेलं सेरोटोनिन पुढच्या काही पेशींवरच्या एमओडी-१ नावाच्या दारावर जाऊन बसतं. ते दार उघडलं की क्लोराइड आत येतं आणि ती पेशी गप्प होते. म्हणजे इथे सेरोटोनिन काही चेतवत नाही, उलट चालू असलेलं काहीतरी दाबतं. 'या वासाकडे जा' म्हणणारा जो आवाज जन्मापासून चालू असतो, तो दाबला जात असावा, असं मी स्वतःला समजावते. मॅडमना माझी ही भाषा पसंत नाही. "पेशींना आवाज नसतो," असं त्या म्हणतात, आणि बरोबर म्हणतात.

एकदा मी नुसतं सेरोटोनिन प्लेटवर घालून बघितलं. पांढरी पूड, उजेडाने बिघडते म्हणून बाटली फॉइलमध्ये गुंडाळलेली. काही मिनिटांत कृमी चालायचे थांबले, घसे जोरात चालू लागले आणि अंडी घालायला सुरुवात झाली. १९८२ मध्ये हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी हेच नोंदवलेलं आहे. मॅडम मागून वाकून बघत होत्या. "आनंदी दिसतात का?" त्यांनी विचारलं.

याच सुमारास मी स्वतः आजारी पडले. पोट बिघडलं, दीड दिवस उलट्या. डॉक्टरांनी ओआरएस आणि जिभेखाली ठेवायची ओंडान्सेट्रॉनची गोळी दिली. पडल्यापडल्या गोळीचं पाकीट वाचलं आणि उठून बसले. ओंडान्सेट्रॉन सेरोटोनिनचीच एक वाट अडवतं. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन मेंदूत नसतंच, आतड्यात असतं. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींना विषारी काही जाणवलं की त्या सेरोटोनिन सोडतात, ते व्हेगस चेतातंतूच्या टोकांना लागतं आणि मेंदूला बातमी जाते: पोटात काहीतरी भलतंच आलंय. गोळी ही बातमी वाटेतच थोपवते. दोन मिनिटांपूर्वी मी ज्याला शिव्या घालत होते ती मळमळ म्हणजे माझ्या वहीतलाच विषय होता.

आणि शिकणंही झालं. ओआरएस संत्र्याच्या स्वादाचं होतं. बरी झाले, पण संत्र्याचा वास आला की पोटात ढवळून यायला लागलं. ज्याने मला सावरलं त्याच्याच डोक्यावर खापर. जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी दिलं आणि त्याच वेळी किरणोत्सर्गाने आजारी पाडलं. नंतर उंदीर त्या पाण्याला तोंड लावेनात. पाण्याचा काही गुन्हा नव्हता. माझ्या संत्र्यामागे सेरोटोनिनच होतं असं मी म्हणत नाही, माझ्या डोक्यात कुणी तार घालून बघितलेली नाही. पण मधमाश्यांत याचा माग २०१० मध्ये लागलाय. माशीला सोंडेवर कडू लागलं तर त्या वासाची अढी डोपामिन या दुसऱ्या रसायनावर बसते. विष पोटात जाऊन मागाहून त्रास झाला तर सेरोटोनिनवर. एकाच वासाला नको म्हणायच्या दोन वाटा, आणि पोटाकडून येणारी वाट सेरोटोनिनची. हे वाचलं त्या दिवशी मी पुरवण्यांतल्या त्या लेखांवरचा राग सोडून दिला. ते लिहिणाऱ्यांनी एक टोक धरलं होतं, इतकंच.

मग वाटलं, सरळ उलटं लिहावं का, की सेरोटोनिन हे दुखण्याचं रसायन? तेही टिकेना. नवजात उंदरांच्या पिल्लांना एखादा वास देताना अंगावरून हळुवार ब्रश फिरवला की त्यांना तो वास आवडू लागतो. मेंदूतल्या ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये, म्हणजे नाकाकडून येणाऱ्या बातमीच्या पहिल्याच ठाण्यावर, सेरोटोनिन संपवून टाकलं तर ही आवड लागत नाही. १९९३ मधलं हे काम. इथे सगळा मामला मायेचा, तरी सेरोटोनिन हवंच. त्या ठाण्यावर सेरोटोनिनचे धागे येतात ते मेंदूच्या पार बुडाशी असलेल्या राफे केंद्रकांतून. व्यंकटेश मूर्ती यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की तिथे सेरोटोनिन नाकाचा संदेश आत शिरतानाच कमी करतं. २०१६ मध्ये त्याच गटाला दिसलं की बल्बमधून बाहेर संदेश नेणाऱ्या एका प्रकारच्या पेशींचा वासाला प्रतिसाद त्याने वाढतो, तर दुसऱ्या प्रकारातल्या काहींचा वाढतो आणि काहींचा घटतो, आणि त्यामुळे दोन वासांचे ठसे एकमेकांपासून आणखी वेगळे होतात.

शेजारच्या गटाकडे उंदीर होते. त्यांच्या एका उंदराचा 'उलटापालट'चा दिवस मी बघितला. डोकं स्थिर धरलेलं, नाकापुढे वासाची नळी, जिभेपुढे पाण्याची. कित्येक दिवस पहिल्या वासाला पाणी मिळत होतं, दुसऱ्याला नाही. त्या दिवशी गुपचूप नियम फिरवला. पहिला वास आला. उंदराने लगेच नळी चाटायला घेतली. पाणी नाही. पुन्हा तोच वास, पुन्हा चाटणं, पुन्हा कोरडं. मिशा थरथरल्या. कितीतरी फेऱ्यांनंतर एकदा वास आला आणि जीभ बाहेर आलीच नाही. लिस्बनच्या झॅकरी मेनेन यांच्या गटाचं २०१७ चं काम याच क्षणाचं आहे. अपेक्षेपेक्षा चांगलं घडो वा वाईट, सेरोटोनिनच्या पेशी दोन्ही वेळा जाग्या होतात, आणि त्यांना औषधाने मंदावलं तर उंदीर त्या कोरड्या नळीला जास्त वेळ चाटत राहतो. माझे म्युटंट पीए-१४ च्या थेंबाकडे जात राहायचे, तसाच. कृमी आणि उंदीर यांच्यात एवढं अंतर असताना इतकी सरळ तुलना करू नये, हे मला कळतं. पण ती जीभ बघताना मला माझी प्लेट आठवली, त्याला इलाज नाही.

शेवटची फेरी संपायला अकरा महिने लागले. धडधाकट, म्युटंट, आणि फक्त एडीएफमध्ये जनुक दुरुस्त केलेले, अशा तीन रांगा. नावांवर चिकटपट्टी होतीच. पट्ट्या काढायला मी त्या शेजारच्या मुलालाच बोलावलं. दुरुस्त केलेल्यांपैकी बहुतेक ई. कोलायच्या बाजूला होते. सगळे नाहीत. प्रत्येक प्लेटवर एखाददुसरा तरी असतोच, सगळं भोगून पुन्हा त्याच हिरव्या थेंबात जाऊन निवांत बसलेला. त्याला मी मोजलं, रकान्यात एकचा आकडा टाकला. वापरलेल्या प्लेटा पिशवीत बांधून वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हला लावल्या. झाकण बसेपर्यंत द्राक्षांचा वास येत होता, आणि मला तो अजूनही गोडच लागतो.

परत टेबलाशी आले तर त्या मुलाने संत्रं सोलायला घेतलं होतं. मी दारातच थांबले, दोन पावलं मागे सरकले आणि वळून पार दुसऱ्या टोकाच्या खुर्चीकडे निघाले.

"ओमेगा टर्न!" तो मागून ओरडला.